घोंगडीच्या दशा आणि गोधडीचा गोट

पांघरूण मधोमध क्वचितच फाटते. ते कडेने जाते. अंगावर ओढताना हात पडतो तो कडेवर, जमिनीला घासते ती कड आणि एका पांघरुणात तिघे भावंडे निजली की रात्रभर ओढाताण होते तीही कडेचीच. त्यामुळे घरी केलेल्या पांघरुणाचे आयुष्य बरेचसे त्याची कड कशी बांधली यावर ठरते.

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग तिथले लोक नेहमीच्या बोलण्यात करतात. मेहकर तालुक्यातले जानेफळ घाटावर येते. इथली हिवाळ्यातली रात्र बोचरी, आणि ज्वारीच्या दिवसांत जागलीला शेतात जावेच लागे. म्हणून या भागात पांघरुणाचे दोन प्रकार रुजले. शेतारानात घोंगडी आणि घरात गोधडी किंवा वाकळ. पहिली विणकराच्या मागावर होई, दुसरी बायकांच्या हातांनी. दोघींच्या कडा बांधण्याची रीत पूर्णपणे वेगळी आहे.

घोंगडी धनगरांची. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जातिजमातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात धनगर हे मेंढपाळ आणि घोंगडी विणणारे म्हणून नोंदले आहेत. १९११ साली मध्य प्रांत आणि वऱ्हाड मिळून त्यांची संख्या सुमारे ९६ हजार होती आणि बुलढाण्यासह वऱ्हाडच्या सगळ्या जिल्ह्यांत त्यांची वस्ती होती. त्यांच्यातले खुटेकर विणकामासाठी ओळखले जात. पश्चिम महाराष्ट्रात हेच काम सणगरही करत. लोकर दख्खनी मेंढीची, वर्षातून दोनदा कातरलेली. ती राठ, केसाळ आणि बहुतेक काळी. तिचे तलम कापड होत नाही, पण घोंगडीला तीच लागते. आखूड केस एकमेकांत अडकतात, वापराने विणीची भोके बुजत जातात आणि जुनी घोंगडी नवीपेक्षा घट्ट होते.

उभ्या धाग्यांना म्हणजे ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. चिंचोके भाजून, टरफले काढून, भिजवून वाटतात आणि ते शिजवून लापशीसारखी खळ करतात. ती कुंच्याने धाग्यांवर ओढली की लोकरीचे उभे राहिलेले केस बसतात आणि धागा मागावरचा ताण सोसतो. नवी घोंगडी अंगाला टोचते आणि ताठ उभी राहते ती निम्मी या खळीमुळेच.

घोंगडीच्या लांबीकडच्या दोन्ही कडांना वेगळे काही करावे लागत नाही. आडवा धागा टोकाला जाऊन वळतो, परत येतो, आणि काठ आपोआप बांधला जातो. विणकर तिथे उभे धागे जरा दाट घेतो. कधी पांढऱ्या किंवा करड्या लोकरीची रेघही काढतो. माग अरुंद असल्याने अनेकदा दोन पट्ट्या विणून त्या लोकरीच्याच दोऱ्याने दाभणाने जोडतात. ही शिवण काठाला काठ भिडवून घालतात, एकावर एक चढवून नव्हे. चढवली की मधोमध वरवंटा येतो आणि निजणाऱ्याच्या पाठीला तो रात्रभर कळतो.

खरे काम रुंदीकडच्या टोकांचे असते. मागावरून उतरवल्यावर तिथे ताण्याचे धागे मोकळे लोंबतात. याच दशा. त्या तशाच सोडल्या तर शेवटचा आडवा धागा निसटतो, मग त्याच्यामागचा, आणि घोंगडी टोकाकडून उसवत येते. म्हणून धाग्यांच्या लहान जुड्या घेतात. दोन जुड्या एकाच दिशेने स्वतंत्र पीळ देऊन घट्ट वळायच्या, मग त्या एकमेकींभोवती उलट दिशेने वळायच्या आणि टोकाला गाठ मारायची. उलटे पीळ एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळे दशी सुटत नाही. तळहात ओला करून मांडीवर वळलेली दशी लोकरीच्या केसांमुळे आणखीच आवळते. शोभेसाठी केलेले गोंडे आणि या दशा दिसायला जवळपास सारख्या, पण दशा काढून टाकल्या तर घोंगडीच उरत नाही.

गोधडीची अडचण उलटी. तिला स्वतःचा काठ नसतो. जुनी लुगडी, धोतरे, सदऱ्यांचे तुकडे एकावर एक पसरून ती होते, आणि प्रत्येक थराची कड वेगळीकडे पळते. सुगी आटोपल्यावर, उन्हाळ्याच्या मोकळ्या दिवसांत, सारवलेल्या अंगणात थर मांडतात, कोपऱ्यांवर दगड ठेवतात आणि आधी कच्चा दोरा घालतात. मग वरचे कापड आत दुमडून कड शिवतात किंवा वेगळी पट्टी लावून गोट घालतात. गोटासाठी हुशार बाई नऊवारी लुगड्याचा काठ राखून ठेवते. लुगड्याचे अंग विरते तेव्हाही काठ शाबूत असतो, कारण त्याची वीण दाट असते. त्यानंतर धावदोऱ्याच्या ओळी कडेला धरून आत सरकत जातात.

या कामाला माल मिळाला तो कापसाच्या बाजारामुळे. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. खामगावची कापूसपेठ वाढली आणि १८७० मध्ये तिथवर रेल्वेचा फाटा आला. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली. कापूस गाडीने बाहेर जाऊ लागला, तर गिरणीचे लुगडे आणि रिळाचा दोरा आठवडी बाजारात येऊ लागला. पीळदार, एकसारख्या दोऱ्याने गोधडीचे टाके बारीक झाले. हाताने काढलेल्या सुताने ते जमणे कठीण होते.

मेहकर-लोणार भागातल्या बंजारा तांड्यांवर कडेला आणखी मान आहे. कापडाचे लहान त्रिकोण दुमडून कडेने रांगेत शिवायचे, कोपऱ्यांना कवड्या लावायच्या. ठसठशीत रंगांच्या या कडांपुढे कुणब्याच्या घरची गोधडी साधी वाटते. टिकाऊपणात मात्र त्रिकोणांची रांग कमी पडते, कारण टोके आधी उसवतात.

गिरणीच्या ब्लँकेटने कडेचा प्रश्न यंत्राकडे नेला. कानपूरची लाल इमली गिरणी १८७६ मध्ये निघाली. पुढे पानिपतची जुन्या लोकरीपासून केलेली स्वस्त ब्लँकेटे गावोगावी पोहोचली. त्यांच्या कडांवर ओळीने काज टाक्यासारखा टाका असतो. त्यातला एक धागा तुटला की सगळी ओळ सरसर निघून येते, आणि घरी ती पुन्हा हातानेच घालावी लागते.

फ्लीस हे त्यापुढचे कापड. अमेरिकेतल्या माल्डेन मिल्सने १९७९ मध्ये ते आणले. पॉलिएस्टरच्या धाग्याची फासेदार वीण, तारांच्या ब्रशांनी खरवडून मऊ केलेली. कापले तरी त्याची कड सुटत नाही, त्यामुळे दशा वळण्याची गरज उरत नाही. तरीही अमेरिकेत घरी फ्लीसचे दोन थर घेऊन कडेला झिरमिळ्या कापतात आणि वरची झिरमिळी खालचीला गाठतात. या गाठी उसवण थांबवत नाहीत, त्या थर जोडतात.

एकेरी फ्लीसला आपल्याकडे साडीला पिको-फॉल करणाऱ्या दुकानातही कड घालून मिळते. इंटरलॉक मशीनवर काम झटपट होते. मात्र कापड ताणणारे असल्याने ते हाताने ओढत शिवले की कडेला लाटा उठतात आणि धुतल्यावरही त्या जात नाहीत. म्हणून जाणता शिंपी दाबपट्टीचा दाब कमी करतो, टाका मोठा ठेवतो आणि कापड ओढण्याऐवजी सुईखाली सरकू देतो.