लाख, कापूस आणि कुत्र्याची रेकॉर्ड

वर्धा जिल्ह्यातल्या माणसाला रेकॉर्ड कंपनीचा इतिहास सांगायचा तर कापसापासून सुरुवात केलेली बरी. आमच्या हिंगणघाटचा कापूस एके काळी इंग्लंडच्या बाजारात गावाच्या नावाने ओळखला जायचा. पिकायचा इथे, कापड व्हायचं तिकडे, आणि तेच कापड आपण पैसे मोजून घ्यायचो. एवढं आपण सगळेच शाळेत शिकलो. पण गाण्याचंही जवळपास असंच झालं होतं, हे शाळेत कुणी सांगितलं नाही.

ग्रामोफोन कंपनी १८९८ साली लंडनमध्ये निघाली. पुढच्याच वर्षी तिने फ्रान्सिस बॅरॉड या चित्रकाराचं एक चित्र विकत घेतलं. भोंग्यापुढे कान देऊन बसलेला कुत्रा. गंमत म्हणजे मूळ चित्रात एडिसनचा फोनोग्राफ होता. कंपनीच्या सांगण्यावरून त्यावर ग्रामोफोन रंगवला गेला. 'हिज मास्टर्स व्हॉइस' म्हणजे एचएमव्ही ती हीच. आमच्या आबाजींच्या घरी मात्र एचएमव्ही कुणी म्हणत नसे. "कुत्र्याची लाव रे" म्हटलं की काम भागायचं.

१९०२ साली कंपनीचा फ्रेड गेसबर्ग कलकत्त्याला उतरला आणि त्या दौऱ्यात त्याने पाचशेहून जास्त ध्वनिमुद्रणं केली. गौहरजानही त्यातच पहिल्यांदा गायल्या. गाणं संपलं की त्या इंग्रजीत स्वतःचं नाव मोठ्याने सांगायच्या. कारण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला, आणि तिथल्या कामगारांना गाणं कुणाचं ते कळायला हवं ना!

आता तबकडी कशाची, तर लाखेची. लाखेत दगडाची भुकटी आणि काजळी घालून, तापवून, दाबून ती करत. लाख हा पळसावर, बोरावर, कुसुमावर वाढणाऱ्या किड्याचा चीक, आणि जगाला लागणारी बहुतेक लाख तेव्हा भारतातूनच जायची. म्हणजे लाख आपली, गळा आपला, राग आपले. कारखाना हॅनोव्हरचा, आणि गिऱ्हाईक पुन्हा आपणच. हिंगणघाटच्या कापसाहून वेगळं काय होतं सांगा. १९०८ साली कलकत्त्यात तबकड्या दाबायचा कारखाना निघाला, पुढे दमदमचा मोठा कारखाना आला. माल इथे बनू लागला. मालकी तिकडेच राहिली.

१९३१ साली ग्रामोफोन आणि कोलंबिया या एकमेकींच्या वैरी कंपन्या एकत्र आल्या आणि ईएमआय जन्माला आली. त्याच वर्षी गांधीजी गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले होते. कोलंबियाने त्यांचा आवाज मुद्रित केला. राजकारणावर बोलायचं नाही म्हणून त्यांनी ईश्वराविषयीचा आपला एक जुना लेख वाचून दाखवला. तो १९२८ साली 'यंग इंडिया'त छापून आला होता. ज्यांनी विलायती कापडाच्या होळ्या पेटवल्या त्यांचा आवाज विलायती तबकडीवर! मला यात ढोंग दिसत नाही. पण कंपनी केवढी पसरली होती, ते यावरून कळतं.

पुढे १९३४ साली गांधीजी वर्ध्याला आले. त्या डिसेंबरात ग्रामोद्योग संघ निघाला, आणि आपली मगनवाडी त्याचं मुख्य ठाणं झाली. घाणीचं तेल, हातकागद, मधमाश्या... कच्चा माल जिथला तिथेच त्याचं काम व्हावं, ही सारी धडपड. आणि साधारण त्याच सुमारास, १९३५ साली, मुंबईला वडाळ्यात एक देशी रेकॉर्ड कंपनी उभी राहिली. तिच्या तबकड्यांवर नाव होतं 'यंग इंडिया'! ही कंपनी १९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकली, मग संपली. कुत्रा मात्र बसल्या जागी बसून राहिला.

का टिकला? नुसत्या भांडवलामुळे नाही, असं मला वाटतं. त्याला माणसं ओळखता यायची. आपल्या विदर्भातलंच उदाहरण घ्या. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' जी. एन. जोशी यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला तबकडीवर गायली, आणि मराठी भावगीताची वाट मोकळी झाली. पुढे हेच जोशी एचएमव्हीत अधिकारी झाले आणि मोठमोठ्या गवयांना त्यांनी ध्वनिमुद्रणाला बसवलं. तीन-सव्वातीन मिनिटांत राग मांडायचा म्हणजे काय कसरत, ते त्या गवयांनाच ठाऊक. पण त्या तीन मिनिटांमुळेच आमच्या आबाजींसारख्या, मैफिलीला कधी न गेलेल्या माणसाला खयाल म्हणजे काय ते कळलं. हे ऋण नाकारण्यात अर्थ नाही.

मग १९८०च्या दशकात कॅसेट आली. स्वस्त, कुणालाही काढता येणारी, पानठेल्यावरसुद्धा मिळणारी. टी-सीरिजसारख्या नव्या कंपन्यांनी कुत्र्याला पार दमवलं. दशकाच्या मध्यावर गोयंका समूहाने ग्रामोफोन कंपनी घेतली, म्हणजे कंपनी अखेर देशी झाली. २००० साली तिचं नाव 'सारेगामा' झालं. तरी तिला खरा हात दिला तो कारखान्याने नव्हे, जुन्या गाण्यांनी. २०१७ साली आलेला 'कारवां' आठवा: रेडिओसारखी पेटी आणि आत पाच हजार जुनी गाणी. आमच्या आत्यानेही घेतलाय, आणि दिवसभर तो चालूच असतो.

इथेच मला अडकायला होतं. कारखाने गेले, लाख गेली, व्हिनाइल गेलं, कॅसेटही गेली. उरली ती गाणी. म्हणजे कंपनीची खरी मालमत्ता पहिल्या दिवसापासून तीच होती. गाणाऱ्या-लिहिणाऱ्यांपैकी कितीतरी जण मात्र एकदाच बिदागी घेऊन घरी गेले. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कायद्याने पक्का झाला तो २०१२ सालच्या दुरुस्तीने. तोवर त्यातले बरेच जण हयातही नव्हते. कंपनी देशी झाली म्हणून हा हिशेब आपोआप फिटत नाही. कापसाचा भाव ठरवणारा व्यापारी मँचेस्टरचा असो की मुंबईचा, शेतकऱ्याला काय मिळालं हे विचारावंच लागतं. वर्ध्यात राहणाऱ्याला तरी हे वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीपासून साठ वर्षं चालतो. म्हणजे १९६०च्या आधी निघालेल्या तबकडीवरचं ध्वनिमुद्रण आता कुणा एकाचं राहिलेलं नाही (शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा असतो, तो कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो). तेव्हा मंडळी, माळ्यावरच्या पेटीत लाखेच्या तबकड्या असतील तर भंगारवाल्याला देऊ नका. उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. लाख ठिसूळ असते, वजनाने तडकते. आणि लेबलावर गाणाऱ्याचं नाव दिसत असेल तर ते तेवढं वहीत उतरवून ठेवा. त्या व्यवहारात बऱ्याच जणांच्या वाट्याला नाव तेवढंच आलं होतं.