पॅरिश शाळा, गोवा

गोव्यातील कॅथलिक चर्चना जोडलेल्या, प्राथमिक व सांगीतिक शिक्षण देणाऱ्या शाळा. 1510 मध्ये पोर्तुगीज सत्ता आल्यावर सोळाव्या शतकात त्यांचा प्रसार झाला. साष्टीत जेझुइट, तर बारदेशात फ्रान्सिस्कन धर्मगुरूंकडे चर्चचा कारभार होता. धर्मशिक्षण, वाचन, लेखन व अंकगणित हे विषय असत. मुलांनी उपासनेत गायला हवे, म्हणून स्वरलिपीचे वाचन आणि व्हायोलिनही शिकवले जाई.

शाळेचा आधारस्तंभ म्हणजे मेस्त्र. तो शिकवी, गायकवृंद बसवी, सणांच्या व अंत्यविधीच्या संगीताची तयारी करवून घेई. धर्मप्रसार हा मूळ हेतू होता आणि सत्तेच्या जबरदस्तीपासून तो वेगळा काढता येत नाही. तरीही शेतकऱ्याच्या मुलाला स्वरलिपी वाचता येणे, ही या शाळांची खरी मोठी देणगी होय.

त्या देणगीचे फळ मुंबईला मिळाले. पाश्चात्त्य स्वरलेखन जाणणारे गोमंतकीय वादक बँड, नृत्यगृहे आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरले. माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक व संयोजक अँथनी गोन्साल्विस यांच्या घरात चर्चसंगीताची परंपरा होती. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतील प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटातील नायकाला त्यांचे नाव मिळाले, ते शिष्याच्या आदरापोटी.

सरकारी व इंग्रजी शाळा वाढल्यावर सामान्य शिक्षणाचे काम या शाळांकडून गेले. काही पॅरिशमध्ये संगीतवर्ग आजही चालतात.