बोटीवर कुत्रा-मांजर पाळताना रेबीजपासून सावध राहा

मासेमारीच्या ट्रॉलरवर खलाशी अनेक दिवस समुद्रात राहतात. सोबत कुत्रा किंवा मांजर असेल, तर लक्षात ठेवा: चावल्यावर दवाखाना जवळ नसतो, आणि रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते.

प्राणी निवडताना: बंदरावरचे अनोळखी पिल्लू थेट बोटीवर नेऊ नका. आधी पशुवैद्यांना दाखवा. साधारण तीन महिन्यांच्या वयात रेबीजची लस द्या. पुढचे डोस वेळेवर चुकवू नका.

चावल्यास किंवा ओरखडल्यास: जखम साबण आणि वाहत्या गोड्या पाण्याने 15 मिनिटे धुवा. त्यासाठी पाणी राखून ठेवा. हळद, चुना, मिरची लावू नका. ‘फेरी संपल्यावर बघू’ असे न म्हणता जवळचे बंदर गाठा. दंडात घ्यायच्या लसीचे पाच डोस असतात: पहिला दिवस 0 धरून 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी. रक्त आले असल्यास जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते.

आधीच काय करता येईल: समुद्रावर जाण्यापूर्वी प्रतिबंधक लस घेण्याविषयी डॉक्टरांशी बोला. ती पूर्ण घेतलेली असल्यास चावल्यानंतर दोनच डोस लागतात, इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. मात्र जखम धुणे आणि दवाखाना गाठणे तेव्हाही टाळू नका.