बाणदंड
बाणाचे फळ व पिसे ज्यावर बसवितात तो दांडा. सरळ धाग्याचे, गाठी नसलेले लाकूड फोडून काढलेली चौकोनी कांब तासून प्रथम अष्टकोनी व नंतर गोल करतात. इंग्लंडमध्ये बाणांसाठी ॲस्पेन (पॉप्लरचा एक प्रकार) राखून ठेवण्याकरिता लाकडी पादत्राणे करणाऱ्यांना त्याचा वापर १४१६ च्या कायद्याने मना करण्यात आला. रॉजर ॲस्कमला मात्र हे हलके लाकूड युद्धासाठी पसंत नव्हते. टॉक्सोफिलस (१५४५) या ग्रंथात त्याने जड व जबर आघात करणाऱ्या ॲशचा पुरस्कार केला आणि सैन्याचे बाण ॲस्पेनचे होत असल्याबद्दल नापसंती दर्शविली. ही तक्रार निराधार नव्हती. त्याच वर्षी बुडालेल्या आणि १९८२ मध्ये वर काढलेल्या ‘मेरी रोझ’ या युद्धनौकेवरील बहुसंख्य बाणदंड पॉप्लरचेच आढळले.