कमानपाटा आणि कॉइल: बेळगाव-निपाणी सीमाभागातील वाहनांच्या स्प्रिंगांची वाटचाल

बेळगावपासून निपाणीपर्यंतचा मुलूख सह्याद्रीच्या माथ्याला लागून असल्यामुळे तेथील व्यापाराला सपाट रस्ता क्वचितच लाभला. रेल्वे येण्यापूर्वी या भागातला कापूस रामघाटातून आणि पुढे आंबोली घाटातून वेंगुर्ल्याच्या बंदरावर उतरत असे व परतीच्या वाटेने मीठ-नारळ वर चढत असे; पुणे-बेंगळूरु रस्त्याने जाणाऱ्या मालाला निपाणीच्या दक्षिणेस स्तवनिधीजवळचा तवंदी घाट ओलांडावा लागे, आणि गोव्याकडे जायचे तर चोर्ल्याचा किंवा अनमोडचा उतार ठरलेलाच होता. अशा मुलखात चाक आणि त्यावरचा भार यांच्यामध्ये काय ठेवायचे, हा प्रश्न सुतार-लोहारांपासून आजच्या गॅरेजमधल्या मेस्त्रींपर्यंत सर्वांना सोडवावा लागला. आज पिकअप गाडीचा पुढचा भाग उंच करून घेणारा गिऱ्हाईक पहिल्यांदा विचारतो तो किती इंच उचलता येईल हे. परंतु या भागातील कारागिरीच्या इतिहासात पहिला मान नेहमी भाराचा होता आणि उंची ही त्याच्या मागून येणारी गोष्ट होती.

बैलगाडीला स्प्रिंग नव्हती, आणि तशी तिला गरजही नव्हती. माणसाच्या चालीने जाणाऱ्या वाहनाला दगडाचा धक्का बसतो खरा, पण वेग अल्प असल्याने तो साटीच्या लाकडात आणि जोडांच्या ढिलाईत जिरून जातो. कारागिराचे सारे कसब चाकाकडे लागलेले असे. चाकावर बसवायची लोखंडी पट्टी, म्हणजे धाव, परिघापेक्षा किंचित लहान घडवली जाई. गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होईपर्यंत तापवून, चिमट्यांनी उचलून, प्रसरण पावलेल्या अवस्थेत चाकावर चढवली जाई आणि लगेच पाणी ओतून आवळली जाई, त्यामुळे आरे व पुठ्ठे एकमेकांत घट्ट बसत. लोखंड तापवल्याने आणि निववल्याने त्याचा आकार व गुण बदलतो हे ज्ञान येथील लोहारकामात मोटार येण्याच्या कितीतरी आधी मुरलेले होते, आणि पुढे कमानपाट्याच्या धंद्याने ते जसेच्या तसे उचलले.

पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग या भागात आली ती घोड्याच्या गाड्यांबरोबर. १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला, तेथे छावणी वसली, आणि छावणीबरोबर बग्ग्या व टांगे आले. इंग्लंडमध्ये ओबादाया इलियट याने १८०४ च्या सुमारास लंबगोल आकाराच्या पट्टी-स्प्रिंगांवर गाडी तोलण्याची रचना पुढे आणली होती, आणि एकोणिसाव्या शतकातील प्रवासी गाड्यांची घडण बहुतांशी तिच्यावर आधारलेली राहिली. १८८० च्या दशकाच्या अखेरीस सदर्न मराठा रेल्वे बेळगावला पोहोचली आणि वेंगुर्ल्याच्या वाटेवरची मालाची वर्दळ ओसरली. त्याच काळाच्या आसपास लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. १९०३ मध्ये त्यांचा लोखंडी नांगर तयार झाला आणि १९१० मध्ये कारखाना कुंडलच्या माळावर, आजच्या किर्लोस्करवाडीत, हलला. हे प्रकरण उद्योगाच्या इतिहासात नांगरामुळे गाजले. तरी येथे एवढे नोंदवायला हवे की गुंडाळलेल्या तारेची स्प्रिंग, म्हणजे कॉइल स्प्रिंग, सर्वसामान्य माणसाच्या प्रथम परिचयाची झाली ती सायकलच्या सीटखाली.

मालवाहतुकीत मात्र दीर्घकाळ राज्य चालले ते कमानपाट्याचेच. १९५४ पासून जमशेदपूरला मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने टेल्कोचे ट्रक बनू लागले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत निपाणीच्या तंबाखूच्या वखारींसमोर, संकेश्वरच्या साखर कारखान्याच्या आवारात आणि बेळगावच्या बाजारात ट्रक हे मुख्य वाहन झाले. कमानपाटा म्हणजे लांबीने उतरत्या क्रमाने एकाखाली एक रचलेल्या वाकदार पोलादी पट्ट्यांचा जुडगा. सर्वांत लांब असतो तो मेन पाटा, त्याच्या दोन्ही टोकांना वळवून केलेल्या डोळ्यांत बुश बसतात, मध्यभागी सेंटर बोल्ट सर्व पाटे एकत्र धरतो आणि यू बोल्ट तो जुडगा एक्सलला आवळतो. या रचनेचे तीन गुण येथील रस्त्यांना मानवले. ती एकाच वेळी भारही तोलते आणि एक्सलला जागेवरही ठेवते. पाटे एकमेकांवर घासत असल्याने धक्क्यानंतरची उसळी काही प्रमाणात आपोआप शमते. आणि एखादा पाटा तुटला तरी उरलेल्यांवर गाडी पुढच्या गावापर्यंत पोहोचते.

महामार्गालगतच्या पाट्यांच्या दुकानांत जे काम चाले, आणि आजही चालते, त्याचे वर्णन जरा सविस्तर करण्यासारखे आहे, कारण पुढे कॉइल स्प्रिंगच्या बाबतीत जो घोटाळा होतो तो या दुकानांत होत नसे. गाडी बसली, म्हणजे मागचा भाग खाली आला, अशी तक्रार घेऊन ड्रायव्हर आला की मेस्त्री आधी माल कोणता आणि किती, हे विचारी. तंबाखूची पोती वजनाला हलकी पण आकाराने मोठी; ऊस वजनाला जड आणि तोही हंगामापुरताच. पाटे जुने होऊन नुसते सपाट झाले असतील तर जुडगा खोलून प्रत्येक पाटा ऐरणीवर घनाचे ओळीने घाव घालत पुन्हा वाकवला जाई. त्यामुळे गाडीची उंची परत येई, पण पाट्यांची संख्या आणि जाडी तीच राहिल्याने स्प्रिंग पूर्वीइतकीच मऊ राही. भारच वाढला असेल तर मात्र एक जादा पाटा टाकला जाई. तेव्हा स्प्रिंग ताठ होई आणि रिकाम्या गाडीत बसणाऱ्याची हाडे खिळखिळी होत. पाटा भट्टीत तापवला तर त्याला तेलात बुडवून पुन्हा पाणी द्यावे लागे, नाहीतर सिलिकॉन-मँगनीजयुक्त पोलादाचा लवचीकपणा जाऊन तो काही दिवसांत पुन्हा सपाट होई. उंची देणे हे एक काम आणि ताठरपणा देणे हे दुसरे काम, हा भेद या कारागिरांना कोणत्याही पुस्तकाशिवाय हाताने कळत होता, आणि सीमाभागाच्या यांत्रिक परंपरेतला हा अतिशय मोलाचा ठेवा मानायला हवा.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि कागल व निपाणी यांच्यामधून राज्याची सीमा आली. परवाने आणि नोंदणीची कार्यालये वेगळी झाली. आज निपाणीची गाडी चिकोडीच्या केए-२३ क्रमांकाने धावते आणि कागलची कोल्हापूरच्या एमएच-०९ ने. निपाणीपासून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर आणि बेळगाव सुमारे ७५ किलोमीटर, हे अंतर मात्र कोणत्याही राजपत्राने बदलले नाही, आणि गाड्यांपुढचे रस्तेही तेच राहिले.

मोटारगाड्यांच्या पुढच्या चाकांना कॉइल स्प्रिंग देण्याची प्रथा अमेरिकेत १९३४ पासून रूढ झाली. जनरल मोटर्समध्ये मॉरिस ऑली या अभियंत्याने पुढची दोन चाके एकमेकांपासून स्वतंत्रपणे हलतील अशी रचना घडवली. भारतात ही रचना ओळखीची झाली ती मुख्यतः फियाट ११०० आणि तिच्यापासून निघालेल्या प्रीमियर पद्मिनीमुळे. कॉइल स्प्रिंग ही खरे तर पीळ सोसणारी पोलादी सळईच असते, फक्त ती गुंडाळून आखूड केलेली असते. तिचा ताठरपणा, ज्याला तांत्रिक परिभाषेत स्प्रिंग रेट म्हणतात, म्हणजे ती एक मिलिमीटर दाबण्यासाठी लागणारे वजन. स्प्रिंग जितकी जास्त दाबावी त्याच प्रमाणात लागणारे वजन वाढत जाते, हे रॉबर्ट हूक याने १६७८ मध्ये प्रसिद्ध केले. हा ताठरपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणून तार दहा टक्क्यांनी जाड केली की स्प्रिंग सुमारे ४६ टक्क्यांनी ताठ होते; वेढ्याचा व्यास वाढला तर त्याच्या तिसऱ्या घाताने ती मऊ होते; आणि वेढे कमी केले तर त्या प्रमाणात ताठ होते. गाडी खाली बसवण्यासाठी स्प्रिंगचा एक वेढा कापण्याची जी पद्धत गॅरेजमध्ये शिरली, तिच्यात लांबी घटते आणि त्याचबरोबर ताठरपणा वाढतो. कॉइल ऐरणीवर ठोकून सुधारता येत नाही. लांबी आणि रेट दोन्ही आधी ठरवून तयार वस्तू विकत घ्यावी लागते, आणि पाट्याच्या दुकानातला जो निर्णय हातोड्याने टप्प्याटप्प्याने होत असे, तो येथे आकड्यांनी एकदाच करावा लागतो.

सीमाभागात जीपचे आगमन महिंद्राच्या विलीज जीपबरोबर झाले, आणि तिला चारही चाकांना पाटेच होते. वडापच्या, म्हणजे प्रवासी भरून चालणाऱ्या खासगी गाड्यांच्या, काळात ट्रॅक्स आल्या, २००० मध्ये बोलेरो पुढच्या चाकांना कॉइल घेऊन आली. २०१६ मध्ये इसुझुची व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये टोयोटाची हायलक्स या पिकअप भारतीय बाजारात आल्या, आणि त्यांच्यातही एकाच गाडीत दोन परंपरा शेजारी बसलेल्या दिसतात: मागे माल पेलणारा जुना कमानपाटा आणि पुढे स्वतंत्र हलणाऱ्या चाकांवरची कॉइल. बेळगावचा भाजीपाला रोज गोव्याला जातो, पावसाळ्यात चोर्ल्याचा रस्ता उखडतो, खानापूरच्या जंगलपट्टीतल्या वाटा चिखलाने भरतात, आणि २०१४ मध्ये गोव्यात सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज या स्पर्धेने चिखलातल्या गाड्यांचे आकर्षणही वाढवले आहे. या सर्व कारणांनी गाडी उंच करण्याची मागणी समजण्याजोगी आहे.

या मागणीत सर्वांत मोठी चूक होते ती भाराच्या हिशेबात. पिकअपच्या हौद्यात टाकलेला माल बहुतांशी मागच्या पाट्यांवर जातो, आणि मागच्या एक्सलच्याही मागे रचला तर पुढचा भाग उलट हलका होतो. पुढच्या कॉइलवर भार असतो तो इंजिनाचा, बोनेटखालच्या सामानाचा, आणि मालकाने बसवलेल्या लोखंडी बंपरचा व विंचचा, म्हणजे गाडी ओढून काढणाऱ्या दोरखंडाच्या यंत्राचा. दुसरे असे की कॉइल चाकावर थेट बसलेली नसते. ती खालच्या विशबोनवर, म्हणजे चाक धरणाऱ्या त्रिकोणी हातावर, आतल्या बाजूला टेकलेली असते. समजा चाक एक मिलिमीटर हलले तर स्प्रिंग ०.६ मिलिमीटर दबते, आणि स्प्रिंगचा रेट १० किलो प्रति मिलिमीटर आहे. हे गुणोत्तर एकदा भारात आणि एकदा हालचालीत लागत असल्याने चाकाच्या ठिकाणी प्रत्यक्ष ताठरपणा ३.६ किलोच उरतो. चाकावर ५०० किलो भार असेल तर स्प्रिंगवर सुमारे ८३३ किलो येतात आणि ती ८३ मिलिमीटर दबते. तेवढ्याच मोकळ्या लांबीची पण १२ किलो रेटची स्प्रिंग बसवली तर ती ६९ मिलिमीटरच दबेल, आणि १४ मिलिमीटरचा हा फरक चाकापाशी सुमारे २३ मिलिमीटर होऊन गाडी नुसत्या ताठपणामुळेच उंच होईल. बंपर आणि विंचने दर चाकावर ५० किलो भार वाढला तर मूळ स्प्रिंगवर गाडी सुमारे १४ मिलिमीटर बसेल; १२ किलोच्या स्प्रिंगवर ती तरीही मूळ उंचीपेक्षा वरच राहील.

म्हणून पुढे काहीही जड बसवलेले नसताना ताठ स्प्रिंग घेणे ही उंचीची महाग आणि त्रासदायक वाट आहे: रिकामी गाडी आदळते आणि खड्ड्यात चाक जमिनीला चिकटून राहत नाही. अशा गाडीला मूळ रेटची, पण मोकळी लांबी थोडी जास्त असलेली स्प्रिंग योग्य, म्हणजे जुन्या मेस्त्रीच्या भाषेत कमान वाढवावी, पाटा टाकू नये. पुढे कायमचे वजन वाढले असेल तरच रेट वाढवावा. लांबीलाही मर्यादा आहे. गाडी साधारण दोन इंचांच्या पुढे उचलली की चाकाला खाली लोंबण्याची जागा संपते, चाकाला जोर पोहोचवणाऱ्या शाफ्टचे सांधे तिरके चालून लवकर झिजतात आणि वरचा विशबोन अडू लागतो.

कायद्याचेही भान हवे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन पुन्हा स्पष्ट केले. मूळ मापाची झिजलेली स्प्रिंग बदलणे ही दुरुस्ती, गाडीचा तपशील बदलेल इतकी उंची वाढवणे हा फेरफार.

ऊस आणि तंबाखूच्या या पट्ट्यात वजनकाट्यांची वाण नाही. स्प्रिंगचे पैसे मोजण्याआधी गाडीची फक्त पुढची चाके काट्यावर चढवून, एकदा रिकामी आणि एकदा नेहमीच्या सामानासह, वजन करून घ्यावे आणि ती दोन चिठोरी घेऊनच दुकानाची पायरी चढावी.