आवडता ग्रंथकार कोणता?

आवडता ग्रंथकार कोणता, असें विचारतांच बहुतेक वाचक दोन उत्तरें देतात : कादंबरीकारांत हरिभाऊ आपटे, निबंधकारांत विष्णुशास्त्री चिपळूणकर. ललित वाङ्मयाकडे आपण रस मागतों आणि शास्त्रीय वाङ्मयाकडे प्रमाण. तेव्हां दोहोंस एकच माप लावावें कसें, ही अडचण खरी आहे.

परंतु डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर (१८८४-१९३७) यांच्यापुढें ही वांटणी टिकत नाहीं. अमेरिकेंत शिकत असतां त्यांनीं १९०९ सालीं हिंदुस्थानांतील जातिसंस्थेच्या इतिहासावर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. स्वदेशीं परतल्यावर कंपनी उभारून महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ विभाग सिद्धीस नेले. आणि त्याच लेखणीनें कादंबऱ्याही लिहिल्या.

त्यांच्या कादंबऱ्यांत कथानक विसकळीत आहे, पात्रें व्याख्यानें देतात, हा टीकाकारांचा आक्षेप आम्हांस मान्य आहे. तथापि १९३० सालची ‘ब्राह्मणकन्या’ पाहावी. जातीबाहेरील विवाहाच्या संततीस समाजांत स्थान कोणतें, हा त्या कथेचा गाभा. इंग्रजी ग्रंथांत जी जात नियम आणि व्याख्या यांच्या रूपानें येते, तीच येथें कालिंदी नांवाच्या मुलीच्या आयुष्याची कोंडी होऊन उभी राहते.

हरिभाऊंची कथा अधिक हृद्य, शास्त्रीबोवांची भाषा अधिक डौलदार, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण एकाच ग्रंथकाराची निवड करावयाची, तर ज्यानें एकच प्रश्न बुद्धीपुढेंही मांडला आणि अंतःकरणापुढेंही, त्या केतकरांसच आमची पसंती.