मुखपृष्ठ नसलेली स्लाइड

गेल्या वर्षी मंडळाच्या गणेशोत्सवात मराठी नियतकालिकांवर एक छोटं प्रदर्शन करायचं ठरलं. आम्ही पडलो आयटीवाले, त्यामुळे लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि ऐनवेळी न सापडणारी केबल हे सगळं आपोआप माझ्या गळ्यात आलं. मी हौसेने स्लाइड्स बनवल्या. 'दर्पण' (१८३२), 'केसरी' (१८८१), पहिला दिवाळी अंक काढणारं 'मनोरंजन' (१९०९) आणि मग र. धों. कर्वे यांचं 'समाजस्वास्थ्य'. त्याच्या मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र होतं. त्या मासिकाची ओळखच ती होती.

आदल्या रात्री रंगीत तालीम झाली. कार्यकारिणीतल्या एक काकू म्हणाल्या, "अरे, समोर बाप्पा बसलेत, लहान पोरं असणार. हे कशाला?" मी दोन मिनिटं वाद घातला. मग रात्रीचे साडेअकरा वाजले होते म्हणा किंवा माझ्यात दम नव्हता म्हणा, मीच डिलीटचं बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी चित्राशिवायची स्लाइड झळकली. कुणालाही काही खटकलं नाही.

मला मात्र खटकलं, कारण माझी पहिली स्लाइड होती श्रवणबेळगोळची! मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक तिथे गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेला आहे. चावुंडरायाने ही मूर्ती करवली, एवढंच तो सांगतो. मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरची, सत्तावन्न फुटी आणि पूर्ण दिगंबर. ती स्लाइड आली तेव्हा काकूंनी हात जोडले होते. म्हणजे आपल्या भाषेची पहिली अक्षरं एका नग्न पुरुषाच्या पायाशी आहेत आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. मग कर्व्यांनी काय घोडं मारलं होतं?

रघुनाथराव हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे थोरले चिरंजीव. जन्म १८८२चा. मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवायचे. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी आपलं केंद्र उघडलं होतं, म्हणजे आपला माणूस जगाच्या बरोबरीने चालत होता. कॉलेज ख्रिस्ती मिशनऱ्यांचं होतं, त्यांना हा प्रचार मानवला नाही आणि १९२५ मध्ये कर्व्यांना नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' काढलं आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत पदरमोड करून चालवलं. शरीरात लाज वाटण्यासारखं काही नाही, लपवण्यानेच कुतूहल नासतं, असं त्यांचं म्हणणं. मुखपृष्ठ हा त्या म्हणण्याचाच भाग होता.

त्यांच्यावर खटले झाले. गंमत अशी, की ज्या दोन खटल्यांत त्यांना दंड झाला ते चित्रांवरून नव्हते, लिखाणावरून होते. १९३१ साली व्यभिचाराच्या प्रश्नावरचा लेख नडला आणि शंभर रुपये दंड झाला. १९३४ साली वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेली उत्तरं अश्लील ठरवली गेली. या दुसऱ्या खटल्यात कर्व्यांचं वकीलपत्र घेतलं होतं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. मासिक लैंगिक ज्ञानाचं असेल तर वाचकांच्या शंकांना उत्तर द्यायचं नाही तर काय करायचं, असा त्यांचा साधा सवाल होता. तरी खटला हरले आणि दोनशे रुपये दंड भरावा लागला.

आपण राहतो त्या अमेरिकेनेही फार मिशा पिळायचं कारण नाही. इथे १८७३चा कॉमस्टॉक कायदा होता. अश्लील चित्रं आणि संततिनियमनाची माहिती एकाच पोतडीत घालून तो दोन्ही पोस्टाने पाठवायला बंदी करत असे. मार्गारेट सँगरने १९१६ मध्ये ब्रुकलिनला केंद्र उघडलं, ते पोलिसांनी थोड्याच दिवसांत बंद केलं आणि बाईंना तीस दिवसांचा तुरुंगवास झाला. दोन्हीकडे गोंधळ तोच: शरीर दिसलं की पाप, शरीराबद्दल बोललं की तेही पाप.

हा गोंधळ आला कुठून? माझ्या धंद्याच्या भाषेत सांगतो. कुणीतरी फार पूर्वी लिहिलेला कोड कंपनीत वर्षानुवर्षं चालत राहतो. लिहिणारा केव्हाच गेलेला असतो, पण हात लावायची कुणाची हिंमत होत नाही. अश्लीलतेच्या कायद्याचं तसंच झालं. १८६८ साली इंग्लंडमध्ये हिकलिन खटला गाजला. त्यातली पुस्तिका कॅथलिक पाद्र्यांच्या कबुलीजबाबाच्या प्रथेवर टीका करणारी होती, म्हणजे मूळ भांडण धर्माचं! त्या निकालाने कसोटी घालून दिली, की ज्यांची मनं वाईट प्रभावाला सहज बळी पडतात त्यांना एखादा मजकूर बिघडवू शकेल का, ते बघायचं. म्हणजे समाजातल्या सर्वांत कच्च्या वाचकावरून सगळ्यांसाठी माप ठरवायचं. आपल्याकडच्या कोर्टांनी तीच कसोटी उचलली. अमेरिकेने ती १९५७ मध्ये टाकून दिली, खुद्द इंग्लंडने १९५९ मध्ये कायदा बदलला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९६४ साली, मुंबईतल्या एका पुस्तकविक्रेत्याच्या खटल्यात, तीच पुन्हा वापरली. ती सुटली थेट २०१४ मध्ये. टेनिसपटू बोरिस बेकर आणि त्याच्या वाग्दत्त वधूच्या नग्न छायाचित्राचा तो खटला होता. चित्र संपूर्ण संदर्भासह आणि आजच्या समाजाच्या नजरेने पाहायला हवं, असं कोर्टाने म्हटलं.

आता काकूंच्या जोडलेल्या हातांचं कोडं. दंड विधानाच्या कलम २९२ मध्येच एक अपवाद लिहून ठेवला होता. प्राचीन वास्तूंवरची, देवळांतली, देवाच्या रथावरची शिल्पं आणि धार्मिक कारणासाठी ठेवलेल्या वस्तू यांना ते लागू नाही. २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही हा अपवाद कायम आहे. म्हणजे काकूंनी जे केलं ते कायद्याला धरूनच होतं! देवाचं नग्नपण चालतं, माणसाचं चालत नाही.

माणसाच्या वाट्याला मग कोर्टाच्या पायऱ्या येतात. १९५४ साली मुंबईच्या जहांगीर कलादालनात अकबर पदमसींच्या 'लव्हर्स' या चित्रांवरून खटला झाला, त्यात ते सुटले. पण २०२३ मध्ये याच पदमसींची आणि गोव्यात जन्मलेल्या सूझांची मिळून सात चित्रं मुंबईच्या कस्टम्सने अश्लील म्हणून अडकवली. तोवर दोघेही चित्रकार हयात नव्हते. ऑक्टोबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने चित्रं सोडायला सांगितलं आणि नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे, हे पुन्हा एकदा समजावलं. सत्तर वर्षांत आपण फिरून त्याच चौकात आलो.

हे सगळं वाचल्यावर काकूंवर रागावणं मला जमेना. बटण तर मीच दाबलं होतं. आणि त्यांचा मुद्दा अगदीच खोटा नव्हता. पोरांच्या हातात आज फोन आहे, त्यात नको ते शेकडो पटीने आहे आणि त्याबद्दल त्यांच्याशी बोलणारं घरात कुणी नाही. आपण फिल्टर लावतो आणि मोकळे होतो. माझ्या घरीही तेच.

हा लेख मी छापायच्या आधी काकूंना वाचायला दिला. त्यांचा फोन आला. मी जरा धास्तावूनच उचलला.

"पुढच्या वर्षी लाव ते चित्र," त्या म्हणाल्या. "पण लावून चहा प्यायला जाऊ नकोस. तिथेच उभा राहा. पोरांनी विचारलं तर उत्तर कोण देणार?"

कर्वे सव्वीस वर्षं तेच करत होते. मी निदान एक दुपार तरी उभा राहीन म्हणतो.